अमेरिका अफगाणिस्तानात २० वर्षं कशासाठी थांबली? सांगितलेला उद्देश किती खरा मानायचा?

परभणीचा_वाचक

नमस्कार मंडळी. परभणीत आमची एक छोटी अभ्यासिका आहे, एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी बसतात, रात्री बंद करायच्या आधी थोडा वेळ चालू घडामोडींवर बोलणं होतं. मागं अफगाणिस्तानचा विषय निघाला आणि सरळ दोन तट पडले. एका बाजूचे म्हणायलेत की सगळं तेलासाठी होतं, दहशतवाद वगैरे नुसतं निमित्त. दुसऱ्या बाजूचे म्हणायलेत की ११ सप्टेंबरला त्यांची जवळपास ३००० माणसं मेली, बदला घ्यायला गेले, जमलं नाही, आले परत, त्यात एवढं खोलात काय जायचं.

मला दोन्ही पटंना. बदल्यासाठी कोणी २० वर्षं थांबतं का? ७ ऑक्टोबर २००१ ला बॉम्ब पडायला लागले आणि शेवटचा सैनिक विमानात चढला ३० ऑगस्ट २०२१ ला. मधी चार राष्ट्राध्यक्ष झाले, दोन रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट, आणि प्रत्येकानं टीव्हीवर येऊन वेगळंच कारण सांगितलं. ज्या तालिबानला काबूलमधून हाकललं तेच परत काबूलमधी येऊन बसलं.

तर मला समजून घ्यायचंय की जो उद्देश जाहीर सांगितला तो पहिल्यापासूनच खोटा होता का चालता चालता बदलत गेला, आणि इथं परभणीत बसून आपल्यासारख्या माणसानं हे तपासायचं तरी कसं. व्हाइट हाउसच्या आतलं आपल्याला कोण सांगणार. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड नकोत प्लीज, ते पोरांकडं भरपूर हायेत. ज्यांनी खरंच वाचलंय त्यांनी लिहा, लांब झालं तरी चालेल.

गोदाकाठ_नांदेड

दादा, तेलाचं आधी बाजूला काढा, त्यानं खरा प्रश्न झाकला जातो. अफगाणिस्तानात सौदी किंवा इराकसारखं तेल नाही. तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान-पाकिस्तान करत भारतात गॅस आणायची ती तापी पाइपलाइन, तिच्या गोष्टी नव्वदच्या दशकापासून चालू हायेत, पण अमेरिकेचं एवढं सैन्य तिथं बसलेलं असताना २० वर्षांत आपल्यापर्यंत कणभर गॅस आला नाही. गुपित उद्देश शोधायला निघालो की आपण अंदाजच करत बसतो, आणि समोरचा म्हणतो पुरावा दाखवा, तिथं वाद संपतो.

मी उलटं करतो. मनात काय होतं ते सोडून द्या. जे जाहीर सांगितलं तेच शब्दशः धरा आणि एकच विचारा, तो उद्देश पूर्ण झाला त्या दिवशी त्यांनी काय केलं?

बुशनी ७ ऑक्टोबरच्या भाषणात सांगितलं होतं की अफगाणिस्तानचा दहशतवाद्यांचा तळ म्हणून होणारा वापर बंद पाडायचा आणि तालिबानची लष्करी ताकद मोडायची. काबूल नोव्हेंबर २००१ ला पडलं, कंदाहार डिसेंबरला. म्हणजे सांगितलेलं काम दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी झालेलं होतं. बिन लादेन तोरा बोराच्या डोंगरातून निसटला हे खरं, पण मार्च २००२ मधी पत्रकारांनी त्याच्याबद्दल विचारलं तर बुश म्हणाले मला त्याची एवढी काही चिंता वाटत नाही. हल्ल्याला तेव्हा नुकते सहा महिने झाले होते. पुढच्याच महिन्यात व्हर्जिनियातल्या मिलिटरी इन्स्टिट्यूटमधी भाषण केलं त्यात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मार्शल प्लॅनचा दाखला देऊन अफगाणिस्तान उभा करायची भाषा आली. इथं उद्देश पहिल्यांदा बदलला, आणि त्यावर वेगळं मतदान झालं नाही. युद्धाचा अधिकार देणारा ठराव सप्टेंबर २००१ मधी एकदाच पास झाला होता, प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १, ते एक मत बार्बरा ली या बाईंचं. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की बाहेर पडायचा रस्ता ठरवल्याशिवाय न संपणाऱ्या युद्धात पाय टाकू नका.

मग ओबामा आले. २००९ ला म्हणाले अल कायदाला मोडून काढायचं आणि हरवायचं. डिसेंबरात आणखी ३० हजार सैनिक पाठवायचं जाहीर केलं, एकूण आकडा एक लाखाच्या जवळ गेला. आणि जून २०१० मधी सीआयएचे प्रमुख लिऑन पॅनेटा टीव्हीवर सांगतात की अफगाणिस्तानात अल कायदाची माणसं असतील तर ५० ते १००, कदाचित त्याहून कमी. पोरांना बाकी काही नाही दाखवलं तरी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा.

२ मे २०११ ला बिन लादेन मारला, तोही अफगाणिस्तानात नाही, पाकिस्तानात अबोटाबादला, त्यांच्या लष्करी अकादमीच्या हाकेच्या अंतरावर. ज्याच्यासाठी गेलो म्हणून जगाला सांगितलं तो मेला. युद्ध चाललं आणखी दहा वर्षं. २०१७ ला ट्रम्प म्हणाले आम्ही देश उभारायला नाही, दहशतवादी मारायला बसलोय. ऑगस्ट २०२१ ला बायडन म्हणाले देश उभारणं हा आमचा उद्देश कधीच नव्हता. जो कधीच नव्हता त्या पुनर्बांधणीच्या नावानं तोपर्यंत जवळपास १४५ अब्ज डॉलर खर्ची पडले होते, आणि हा आकडा त्यांच्याच सरकारी ऑडिटचा आहे. सिगार म्हणून एक कार्यालय २००८ ला काढलं होतं, अफगाणिस्तानातल्या खर्चावर नजर ठेवायला. त्याचे रिपोर्ट नेटवर फुकट हायेत, इंग्रजी सोपं आहे.

त्यातलं एक सांगतो म्हणजे कळेल. अफगाण सैन्याला गणवेश द्यायचे होते. हिरव्या झाडीत लपायला जो छापा असतो तो निवडला, तोही एका खासगी कंपनीच्या मालकीचा, म्हणून महाग. अफगाणिस्तानात जंगल आहे २ टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळा उघडा मुरमाड डोंगर आणि वाळवंट. त्या निवडीपायी दहा वर्षांत २ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत जादा गेले असतील असा सिगारचा हिशोब आहे. तिथल्या हवाई दलाला इटलीची जुनी मालवाहू विमानं २० घेतली, सगळा कार्यक्रम मिळून ५४ कोटी ९० लाख डॉलरचा, त्यातली १६ विमानं काबूलच्या धावपट्टीच्या कडेला सडली आणि २०१४ ला भंगाराच्या भावात गेली. जिंकायचं मनापासून ठरवलेल्या माणसाचा खर्च असा दिसतो का, हे मला खरंच विचारायचंय.

आणि कागदावरचं सैन्य. मंजूर आकडा साडेतीन लाखांच्या वर, प्रत्यक्षात कित्येक ठाण्यांवर माणसंच नाहीत, पगार मात्र दर महिन्याला निघायलाय, तो वरचे अधिकारी घेतात. आम्ही नांदेडवाले हे लवकर समजू शकतो. २०११ ला आधी आमच्या जिल्ह्यात आणि मग ऑक्टोबरमधी सगळ्या राज्यात पटपडताळणी झाली तेव्हा हजेरीवर असलेली किती लेकरं शाळेत नव्हतीच हे आपण डोळ्यानं पाहिलंय. जिथं पटावर पैसा ठरतो तिथं पट फुगतो. फरक एवढाच की आपल्याकडं कोणीतरी बोटाला शाई लावून मोजायला गेलं. तिथं उलट झालं. २०१७ ला अफगाण सैन्याच्या मृतांचे आकडे गुप्त केले, २०१९ ला कोणता तालुका सरकारच्या ताब्यात आणि कोणता तालिबानच्या, हे मोजणंच बंद केलं. ध्येय जवळ येत असतं तर मोजणी थांबवली असती का?

डिसेंबर २०१९ ला वॉशिंग्टन पोस्टनं तिथल्या माहिती अधिकाराखाली तीन वर्षं कोर्टात भांडून जे कागद मिळवले त्यात ४०० वर लोकांच्या मुलाखती हायेत, त्याच सिगारनं घेतलेल्या. त्यातले जनरल डग्लस ल्यूट, बुश आणि ओबामा दोघांच्या काळात व्हाइट हाउसमधून हे युद्ध बघत होते, ते सांगतात की अफगाणिस्तानची मुळातली समजच आम्हाला नव्हती, आम्ही काय करतोय तेच आम्हाला माहीत नव्हतं. हे बंद खोलीत. बाहेर त्याच वर्षांत दर पत्रकार परिषदेत प्रगती चालू होती.

माजी_सुभेदार_उदगीर

जय हिंद. गोदाकाठ भाऊंनी हिशोब चांगला मांडला, पण एक गोष्ट मला खटकली म्हणून लिहितो. हे वाचून पोरं म्हणतील पहिल्यापासूनच सगळं नाटक होतं. तसं नव्हतं. डिसेंबर १९९९ ला आपलं विमान अपहरण करून कंदाहारला नेऊन उभं केलं होतं, तालिबानचे लोक बंदुका घेऊन भोवती उभे होते, आणि आपल्याला मसूद अझहरसकट तिघा दहशतवाद्यांना सोडावं लागलं. फौजेत असलेल्या माणसाला तो दिवस विसरता येत नाही. २००१ ला तालिबान गेलं तेव्हा आम्हाला कोणालाच वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यानंतरच आपण तिथं झरंज-देलाराम २१८ किलोमीटरचा रस्ता बांधू शकलो, हेरातकडं सलमा धरण पूर्ण केलं, काबूलला संसदेची इमारत दिली. त्याची किंमत पण मोजली, जुलै २००८ ला काबूलच्या आपल्या दूतावासावर गाडीबॉम्ब आला त्यात आपले ब्रिगेडियर गेले.

माझं म्हणणं असं की पहिला उद्देश खरा होता. बिघडतं ते नंतर. सैन्य एकदा दुसऱ्याच्या देशात थांबलं की रोज सकाळी नवीन काम तयार होतं, आधी रस्ता सांभाळा, मग रस्त्यावरचं ठाणं सांभाळा, मग ठाण्याला रसद नेणारा रस्ता सांभाळा, आणि दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमधी बसलेला माणूस त्यालाच उद्देश म्हणायला लागतो.

हे मी अमेरिकेवरून नाही म्हणत, आपल्यावरून म्हणतोय. जुलै १९८७ ला करार झाला आणि आपली शांतीसेना श्रीलंकेत गेली. काम काय, तर तमिळ वाघांची, म्हणजे लिट्टे या बंडखोर संघटनेची, हत्यारं जमा करून घ्यायची आणि तमिळ लोकांना संरक्षण द्यायचं. ऑक्टोबर उजाडला तर त्याच वाघांशी लढाई पेटली. जाफना विद्यापीठात रात्री हेलिकॉप्टरनं १३ शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जवान उतरवले, त्यातला एक जिवंत राहिला. पुढं प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि ज्या सरकारशी करार करून आम्ही गेलो तेच सरकार म्हणायला लागलं की निघा, आणि वर वाघांना शस्त्रं दिली. मार्च १९९० ला शेवटची तुकडी परत आली तोपर्यंत जवळपास १२०० जवान गेले होते. आमच्या भागातला एक होता त्यात. त्याच्या आईला कोणालाच नीट सांगता आलं नाही की पोरगं नेमकं कोणाशी लढत होतं आणि कशासाठी. मी स्वतः बसलोय त्या माऊलीसमोर, शब्द सापडत नाहीत माणसाला.

म्हणून उद्देशावर शंका घेणं म्हणजे जवानावर शंका घेणं असं जे कोणी म्हणतं ना टीव्हीवर, ते चुकीचं आहे. जवानाची खरी काळजी असंल तर पाठवायच्या आधीच विचारा की काय झालं म्हणजे परत यायचं. ते सांगता येत नसंल तर पाठवू नका.

आणखी एक, भाऊंनी पाकिस्तान फार लवकर सोडलं. अमेरिकेची रसद कराचीला उतरून तोरखम आणि चमन मार्गे वर जायची. ज्यांच्या घराशेजारी बिन लादेन सापडला त्यांनाच रस्त्यासाठी आणि मदतीसाठी अब्जावधी डॉलर द्यावे लागत होते. नोव्हेंबर २०११ ला सलाला चौकीवर नाटोच्या हल्ल्यात पाकिस्तानचे २४ सैनिक मेले तर त्यांनी सात महिने रस्ता बंद करून दाखवला. शत्रूला आसरा देणाऱ्याच्या दारातून रोजची रसद न्यायची असंल तर ते युद्ध जिंकता येत नाही, हे शिपायाला पण कळतं. जनरलला कळत नव्हतं असं नाही.

गोदाकाठ_नांदेड

सुभेदार साहेब, पहिला उद्देश खरा होता हे मला मान्य आहे, माझा वाद २००२ नंतरच्या वर्षांशी आहे. रसदीचं तुमचं बरोबर, मी ते लिहायला पाहिजे होतं, त्यात मी एवढंच जोडतो की युद्धाचा तो सगळा पैसा उधारीचा होता. युद्धासाठी वेगळा कर लावला नाही, उलट २००१ आणि २००३ ला कर कमी केले. सक्तीची भरती नाही, जो जातो तो स्वखुशीनं. बऱ्याच वर्षांत तर तिथं सैनिकांपेक्षा कंत्राटी माणसं जास्त होती. घरटी कोणाला झळच बसत नाही, मग उद्देश काय म्हणून विचारणार कोण.

बाई_अंबाजोगाई

मी शाळेत शिकवते, म्हणून मला एका कारणाबद्दल लिहायचंय ज्याला वरती कुणी हात लावला नाही. बायका आणि मुली.

१७ नोव्हेंबर २००१ ला राष्ट्राध्यक्षांचं आठवड्याचं रेडिओ भाषण लॉरा बुश यांनी केलं आणि त्यात सांगितलं की दहशतवादाविरुद्धची लढाई ही बायकांच्या हक्काची आणि सन्मानाचीही लढाई आहे. पुढची २० वर्षं कुणी विचारलं की अजून किती दिवस, की हेच उत्तर पुढं यायचं, फळ्यासमोर बसलेल्या मुलींचे फोटो यायचे. आता २९ फेब्रुवारी २०२० चा दोहा करार काढा आणि वाचा, चारच पानं आहेत. अमेरिका आणि तालिबान यांच्यातला करार. अफगाण सरकारला त्यात बसवलंच नाही, तरी त्या सरकारच्या तुरुंगातले ५००० पर्यंत तालिबानी सोडायचं त्यात लिहून दिलंय. सैन्य किती दिवसांत जाईल ते आहे, निर्बंध कधी उठतील ते आहे. बायका, मुली, शाळा, यातलं काहीही त्यात नाही. एक ओळ नाही.

माझ्या मते दादांच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. माणूस भाषणात काहीही बोलतो, सही करताना जे सोडत नाही ते त्याला खरं हवं असतं. मुलींची शाळा पहिल्याच वाटाघाटीत सोडून दिली गेली.

पण म्हणून ते शिक्षणच खोटं होतं असं कृपया कुणी म्हणू नका, मला ते ऐकवत नाही. आकडे फुगवलेले असतील, काही शाळा कागदावर असतील, तरी लाखो मुली खरंच शिकल्या. डॉक्टर झाल्या, न्यायाधीश झाल्या, आणि हे त्यांनी आणि त्यांच्या आईबापांनी जिवावर उदार होऊन केलं. तालिबान परत आल्यापासून सहावीच्या पुढं मुलींना शाळा नाही, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही बंद. माझ्या वर्गात तेरा-चौदा वर्षांच्या मुली बसतात, त्यांना मी हे सांगितलं तर एक मुलगी म्हणाली बाई मग त्या आता दिवसभर घरी काय करतात. मला राग याचा येतो की त्यांचं नाव घेऊन युद्ध चालवलं आणि त्यांना न विचारता करार केला.

आणि ज्यांच्यासाठी म्हणून गेलो त्यांचे मृत्यू मोजायला हवेत. अमेरिकेच्याच ब्राउन विद्यापीठातले अभ्यासक वर्षानुवर्षं हा हिशोब ठेवतात. त्यांच्या मते ४६ हजारांहून जास्त सामान्य अफगाण माणसं या युद्धात मारली गेली. सगळी काही अमेरिकेनं मारली नाहीत, तालिबाननं भरपूर मारली. पण ३ ऑक्टोबर २०१५ ला कुंदूझच्या हॉस्पिटलवर अमेरिकी विमानानं गोळ्यांचा वर्षाव केला, डॉक्टर आणि पेशंट मिळून ४२ माणसं गेली. हॉस्पिटलच्या जागेचे जीपीएस आकडे आधीच त्यांना कळवलेले होते.

खुलताबादकर

बाईंचं पटलं. मी अमेरिकेतलं फार वाचलेलं नाही पण गोदाकाठ भाऊंची ती कसोटी आपल्या इथल्याच इतिहासाला लावून बघा, पोरांच्या अभ्यासात पण आहे. औरंगजेब दख्खनेत कशाला उतरला? १६८१ ला त्याचा मुलगा अकबर बंड करून संभाजी महाराजांच्या आसऱ्याला आला, त्याला धरायचं आणि मराठ्यांचं राज्य बुडवायचं. १६८२ ला बादशहा आमच्या औरंगाबादला येऊन बसला. अकबर १६८७ ला जहाजानं इराणकडं निघून गेला, तो विषय संपला. पण तोवर विजापूर घ्यायचं निघालं, ते १६८६ ला घेतलं, मग गोवळकोंडा, तो १६८७ ला. १६८९ ला संभाजी महाराजांना हाल करून मारलं, रायगड घेतला. बादशहाच्या हिशोबानं आता तरी काम संपायला पाहिजे. तर राजाराम महाराज जिंजीला, तिथं वेढा, तो १६९८ पर्यंत. मग म्हातारपणी स्वतः एकेक किल्ला घेत फिरायचं ठरवलं. सातारा घे, पन्हाळा घे, घेतलेला मराठ्यांनी परत घ्यायचा, ताराराणी तिकडं माळव्यापर्यंत फौजा पाठवायलेत आणि हा इकडं किल्लेदारांना पैसे देऊन किल्ले ताब्यात घ्यायलाय. अकबर गेल्यावर वीस वर्षं, १७०७ ला अहमदनगरला मेला, परत दिल्ली दिसली नाही.

त्या पंचवीस वर्षांत सगळ्यात जास्त तुडवला गेला तो हाच मुलूख. छावणी जिथं पडायची तिथलं धान्य, वैरण, पाणी सगळं जायचं. सुभेदार साहेब म्हणाले ना रोज सकाळी नवीन काम तयार होतं, अगदी तसंच. फक्त त्याला कोणी विचारणारं नव्हतं, आणि अमेरिकेत विचारणारी संसद, कोर्ट, पेपर सगळं असताना वीस वर्षं गेली, हे मला जास्त भयंकर वाटतं.

परभणीचा_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळंल असं वाटलं नव्हतं. सुभेदार साहेब, तुमचा मजकूर मी पोरांना जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. बाई, दोहा कराराची पानं डाउनलोड केली, खरंच एक ओळ नाही. एकच राहिलं. कसोटी लावून आपण बाहेरून अंदाज करतो ते ठीक, पण खरा उद्देश काय आहे हे युद्ध चालवणाऱ्या कोणी कधी स्वतःच्या हातानं कागदावर लिहिलंय का? तसं काही मिळालं तर वादच मिटंल.

गोदाकाठ_नांदेड

लिहिलंय. अफगाणिस्तानचं नाही, व्हिएतनामचं. २४ मार्च १९६५, अमेरिकेच्या संरक्षण खात्यातले जॉन मॅकनॉटन यांनी संरक्षणमंत्री मॅकनमारांसाठी एक टिपण केलं. दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकेचे मरीन उतरून तेव्हा दोन आठवडे झाले होते. टिपणात उद्देशांची चक्क टक्केवारी आहे. ७० टक्के, अमेरिकेचा नामुष्कीचा पराभव टाळणं, म्हणजे भरवशाचा साथीदार म्हणून जी पत आहे ती राखणं. २० टक्के, दक्षिण व्हिएतनामचा प्रदेश चीनच्या हाती जाऊ न देणं. १० टक्के, तिथल्या लोकांना जास्त चांगलं आणि मोकळं जगता यावं. लोकांसमोरच्या भाषणात मात्र ते १० टक्केवालं सगळ्यात पुढं असायचं.

हा कागद जगाला दिसला १९७१ ला, पेंटॅगॉन पेपर्स, म्हणजे संरक्षण खात्याचे व्हिएतनामवरचे गुप्त कागद, फुटले तेव्हा, आणि अमेरिकेचं युद्ध थांबायचा करार झाला जानेवारी १९७३ ला. तोपर्यंत त्यांचे ५८ हजारांवर सैनिक गेले, व्हिएतनामी तर लाखोंनी. पराभव टाळायला थांबायचं असं एकदा ठरलं की त्याला शेवट नसतो, कारण कधीही निघालं तरी तो पराभवच दिसणार. अफगाणिस्तानातली २०११ नंतरची दहा वर्षं मी तरी अशीच वाचतो.

तुमच्या अभ्यासिकेत असं करून बघा. पोरांना आधी नुसती तीन कारणं द्या, टक्के सांगू नका, ज्याला त्याला आपापल्या वहीत वाटून लिहू द्या, आणि मग मॅकनॉटनचा कागद काढा. इराकचा, २००३ च्या त्या महासंहारक शस्त्रांचा विषय इथं नको, त्याचा वेगळा धागा काढा, मी आणि साहेब दोघं येतो.